खिडकीवर विचारलेला आजार

आई नाशिकच्या बाजारात झेंडूचे हार विकायची. तिला टीबी झाला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता यांच्यापासून कुणाला धोका नाही." पण देवाला घालायचा हार टीबीवालीच्या हातचा कोण घेणार? म्हणून आई केसपेपर घडी करून पोलक्यात ठेवायची. डॉक्टरांपुढे उघडायची, परत घडी घालायची. कागद तिच्याजवळ होता तोवर आजारही तिच्याजवळच राहिला.

मग सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर कम्प्युटर आला. प्रत्येक पेशंटची माहिती त्यात भरायची होती. मध्ये जाड काच, त्यामुळे ऑपरेटर ओरडूनच विचारायचा.

"मावशी, आजार काय?"

आईनं केसपेपर काचेखालून आत सरकवला. "त्यात लिवलंय भाऊ."

"डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. टीबी ना? बोला लवकर, हे भरल्याशिवाय पुढं जात नाही."

"जरा हळू बोलाल का?" मी म्हणालो.

"मित्रा, इथं काय लग्नाची बोलणी चाललीत?"

रांग हसली. आमच्या मागची बाई तेवढी हसली नाही. ती रोज आईकडून देव्हाऱ्यासाठी हार न्यायची.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मग हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही येईनात. टोपली भरलेलीच घरी येऊ लागली.

"तू काम्पुटर शिकतो ना?" आईनं एकदा विचारलं. "माझं नाव पुसून टाक त्यातनं."

"मला नाही पुसता येत, आई."

"मग काय शिकतो रं?" ती हसली.

गोळ्या दवाखान्यातच, नर्ससमोर घ्यायच्या असत. त्यासाठी त्याच रांगेत उभं राहावं लागे. आई जाईनाशी झाली. "खोकला थांबला हाय, आता कशाला?" म्हणायची. खोकला परत येतो, हे मी खूपदा सांगितलं. माझ्या सांगण्यात जोर नसेल कदाचित.

कम्प्युटरला दोष द्यावा का, मला अजून ठरवता येत नाही. त्या काचेला तोंडासमोर बोलण्यापुरती फट असती तरी पुरलं असतं, असं वाटतं.

त्या हिवाळ्यात आई गेली. तिला नेताना ती बाई आली आणि तिनं आईला झेंडूचा हार घातला. हार ताजा होता, दाट गुंफलेला. बाजारात दुसऱ्या कुणाकडून तरी घेतलेला.