खांबावरच्या तीन खाचा

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. रोह्याच्या एका आर्किटेक्टकडे प्रशिक्षण पुरं केलं, पदवी झाली, नोंदणी क्रमांक मिळाला. म्हणजे नकाशावर स्वतःची सही करायचा अधिकार. पहिली सही आत्याच्या घरासाठी करायची, हे मी आधीच ठरवलं होतं. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातलं तिचं घर खाऱ्या हवेने पोखरलं होतं. ते पाडून नवं बांधायचं होतं.

त्याच वर्षी एम.आर्क.ला प्रवेश मिळाला. प्रबंधासाठी मी आत्याचं जुनं घरच घेतलं. तिच्या ओटीवर सागाचा खांब होता. उधाणात खाडीचा बांध फुटून खांड पडली आणि पाणी घरात शिरलं, की तिचे सासरे पाण्याच्या रेषेवर कोयत्याने खाच पाडत. अशा तीन खाचा होत्या. मी दोन दिवस बसून तो खांब कागदावर काढला, लाकडाच्या शिरांसकट. सगळ्यात वरची खाच ओटीपासून दहा इंचांवर होती.

"जोतं उंच घे गो," आत्या म्हणाली. "खांब बघ नि मग ठरव."

"बघितला. पाणी दहा इंचांच्या वर कधी आलेलंच नाही. मी जमिनीपासून दोन फूट जोतं देतेय. त्याहून उंच केलं तर तुझे गुडघे पायऱ्या चढतील का?"

"गुडघ्यांचं मी बघीन." मग म्हणाली, "तू शिकलेली. सांगशील तसं."

आतेभाऊ डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला होता. "करा मॅडम सही," तो म्हणाला, "नायतर आमची वीट हलायची नाय."

मी सही केली. जुनं घर पडलं. जोत्याचे दगड नव्या भरावात गेले, खांब चिरून दाराची चौकट झाली.

दुसऱ्या वर्षी उधाणात बांधाला खांड पडली. नव्या घरात गुडघाभर पाणी शिरलं आणि दोन दिवस तसंच राहिलं. भात भिजलं, फरशी उचकटली. आतेभाऊ आत्याला घेऊन रामवाडीत भाड्याच्या खोलीत गेला.

पुढच्याच महिन्यात माझी तोंडी परीक्षा होती. परीक्षक खांबाच्या नकाशापाशी थांबले. म्हणाले, फार बारकाईने केलंय. नव्या घरात पाणी शिरल्याचं मला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. पहिला वर्ग मिळाला.

निकाल सांगायला रामवाडीला गेले. दारातच भाऊ म्हणाला, "या, सहीवाल्या मॅडम." हसला नाही.

आत्याने मात्र विचारलं, "माझा खांब हाय ना त्यात? दाव."

मी कागद उलगडला. तिने बोटाने एकेक खाच चाचपली. मग बोट खाली नेलं, ओटीच्या जाड रेघेच्याही खाली, जिथे कागद कोरा होता.

"ओटी जोत्यावर होती. जोतं जमिनीपासनं किती होतं? ते नाय लिवलंस?"

तेव्हा मला कळलं. दहा इंच मी ओटीपासून मोजले होते. ओटी स्वतः जमिनीपासून किती वर होती, ते बघितलंच नव्हतं. आणि आता मोजायला ते जोतंच नव्हतं.

"ते मी मोजलंच नाही, आत्या."

तिने कागदाची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात परत दिली.