नळीला पाडलेली भोकं

वडखळच्या अलीकडे गाडी थांबून तीन तास झाले होते. पुढे टँकर आडवा झाला होता. सकाळी रोह्याहून निघालेली पहिली गाडी नागोठण्याला बंद पडली, ही दुसरी. मे महिना. धाकटी दोनदा ओकली होती. बायको, सुनंदा, माझ्याशी बोलत नव्हती, कारण सासुरवाडीहून आजच पेणला परतायचा हट्ट माझा होता. दुसऱ्या दिवशी मला ड्यूटी होती.

शेजारच्या बाकावर पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी लुगडं सावरून डावा पाय काढला, मांडीवर घेतला आणि फडक्याने आतून पुसायला लागल्या. मी बघतच राहिलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या एका संस्थेत मी कृत्रिम पाय बनवायचो. उरलेला पाय ज्या नळीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ती प्लास्टिकची असते, गरम करून मापाच्या साच्यावर ओढतात. या सॉकेटची वरची कड माझ्या हातची होती. आणि तिच्या मागच्या बाजूला तीन भोकं होती.

आधीच डोकं तापलेलं. मी म्हणालो, "बाई, हा पाय आमच्याकडचा. याला भोकं कोणी पाडली?"

"मीच. सळई तापवून."

"दोन दिवस खपतो आम्ही एका पायासाठी. फुकट मिळाला म्हणून वाटेल ते करायचं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "फुकट व्हय? मी मिठागरात दिवसभर पाण्यात उभी. खारं पाणी आत शिरतं, बाहेर निघत नाय. कातडी सोलून निघाली व्हती. तीन खेपा आले तुमच्याकडं. तुमचा साहेब म्हणला, काम सोड. मंग मी खाऊ काय, हा पाय?"

"त्यांचं बरोबर आहे," सुनंदा म्हणाली. नागोठण्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

मी हट्टाने म्हणालो, "भोकं पाडली की नळी तडकते."

"तडकली ना. पयलं भोक पुढं पाडलं, तिथं चीर गेली. ती बुजवली न मागं पाडलं. चालताना जोर पुढं येतो, नाय का?"

हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. बाई स्वतःच्या पायावर शिकल्या होत्या. त्यांचं नाव यशोदाबाई. रोह्याला नदीकाठच्या वाडीत एका गड्याचा पाय कोनाड्यात पडून होता, त्याला भोकं पाडून द्यायला त्या गेल्या होत्या. त्यांनी भोकं पाडलेला तो चौथा पाय.

"आता जातो तो गडी शेतावर, चिखलात," त्या म्हणाल्या आणि स्वतःचा पाय चढवला. मी त्यांची कातडी पाहिली. एकही जखम नव्हती.

पेणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. माझा राग उतरला नव्हता, फक्त तो आता साहेबांवर होता.

सकाळी मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. "साहेब, मिठागरातल्या यशोदाबाईंनी स्वतःच भोकं पाडलीत. पाण्यात काम करणाऱ्यांच्या सॉकेटला मागून भोकं ठेवू या."

"डिझाइनमध्ये नाही."

"पाय कोनाड्यात पडून राहतो, ते डिझाइनमध्ये आहे का?"

"पेशंट ऐकत नाहीत त्याला मी काय करू? काढ तिचं कार्ड."

मी रागातच कार्ड काढलं. तिसऱ्या खेपेसमोर शेरा होता: 'पेशंट सहकार्य करत नाही.' अक्षर माझं होतं. मला ती खेप आठवतही नव्हती. भांडायला गेलेला मी तसाच वर्कशॉपमध्ये परत आलो.

दोन महिने वेगवेगळ्या नळ्यांना भोकं पाडून, वजन टाकून बघितलं. मागची गोल, गुळगुळीत भोकं टिकली. साहेबांनी नव्या डिझाइनवर सही केली. यशोदाबाईंना बोलावून नवा पाय दिला, तर त्यांनी तो उजेडाकडे धरला. "ही बारीक हायत. मिठानं बुजतील." मी मोठी करून दिली.

आमच्या कार्डावर उंची, वजन, सगळी मापं असायची. काम काय करता, हा रकाना नव्हता. साहेबांनी तो शेवटपर्यंत छापला नाही. रिटायर होईपर्यंत मी तो पेनाने लिहीत राहिलो. माणूस दिवसभर कुठे उभा असतो हे विचारायला दोन मिनिटं लागतात. मला त्यासाठी दोन गाड्या बदलाव्या लागल्या.