चूल विझवायची वेळ

लग्न होऊन या घरात आले त्याच संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवायला गेले, तर वन्संनी माझ्या हातातून काडेपेटीच काढून घेतली. “दिवस मावळला की आपल्याकडे चूल पेटत नाही,” म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

कारण सासरे. परसात त्यांची दुर्बीण, वर फिरता घुमट. आमच्या भागात आकाश मोजणारा पहिला माणूस. एका धूमकेतूला त्यांचं नाव आहे. धुराड्यातून धग वर गेली की दुर्बिणीत सगळं थरथरतं, म्हणून मावळतीआधी चूल विझवायची. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून हे काम वन्संकडे. घुमटाची दोरीही त्याच ओढायच्या. दुर्बिणीला डोळा मात्र कधी लावला नाही. कुणी लाव म्हटलंच नाही. स्थळं आली नि गेली. “बाबांचं कोण बघणार?” एवढं एकच उत्तर. वर्षानुवर्षं आम्ही गारढोण गिळलं. मी कुरकुरायचे, त्या कधीच नाही.

शेवटच्या हिवाळ्यात सासऱ्यांची नजर गेली होती, अंथरुणाला खिळले होते. वर घुमटात काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. एका संध्याकाळी म्हणाले, “घोटभर गरम दूध मिळेल का गं?”

वन्सं सवयीने बोलून गेल्या, “बाबा, आज आभाळ स्वच्छ आहे.”

“हो की,” ते ओशाळले. “राहू दे मग.” मी भांडायला तोंड उघडलं, तर सासऱ्यांनीच हाताने थांबवलं. पहाटे ते गेले.

शोकसभेत मोठमोठी माणसं बोलली. वन्संचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही नोकरीपायी शहरात आलो, त्या तिथेच राहिल्या, एकट्या. चूल अजूनही वेळेवर विझवायच्या.

परवा मी त्यांच्याकडे गेले, तर मला म्हणतात, “अगं, आज अंधार पडल्यावर तू चूल पेटव. मला बघायचंय.”

मी चांगली रसरशीत पेटवली, दूध ठेवलं. चंद्र नेमका धुराड्यावर आला होता. दुर्बीण कशी वळवायची ते वन्संना बघून बघून पाठच होतं. बऱ्याच वेळाने खाली आल्या आणि पायरीवरच बसल्या.

“थरथरतो गं,” म्हणाल्या. “बाबांचं खरं होतं.”

“झालं तर मग. घ्या दूध.”

“पण दिसतो. थरथरूनसुद्धा चांगला दिसतो.” पेला दोन्ही हातांत धरला, प्यायल्या नाहीत. “घोटभरच तर मागितलं होतं त्यांनी.”

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण तेव्हा नुसती शेजारी बसले.