पित्राच्या पानावरची बियर

सरकारने दारूचे नियम सैल केले आणि नागपुरात बियर तिथेच बनवून तिथेच पाजणारी हॉटेलं निघाली, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला तो एकट्या पुतण्याला. पंचविशी ओलांडलेला, बँकेत नोकरीला लागलेला, तसा शहाणा मुलगा. दर रविवारी दुपारी मित्रांबरोबर एखाद्या नव्या ठिकाणी जायचा आणि घरी येऊन कोणती बियर गव्हाची, कोणतीत संत्र्याची साल, हे आंब्याच्या जाती सांगाव्यात तसं सांगायचा. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, भाजी निवडत ऐकायची. बोलायची काहीच नाही.

ती का गप्प आहे ते मला कळत होतं. माझा थोरला भाऊ दारूने गेला. घरच्या हातमागावर त्याचा हात सुरेख चालायचा. माग बंद पडले, मग तो इतवारीत एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला लागला, आणि संध्याकाळची देशी हळूहळू सकाळवर आली. शेवटी कावीळ झाली, पोट फुगलं, आणि दादा गेला. पुतण्या तेव्हा शाळेत होता. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. त्यात वहिनीचं काय चुकलं?

एका रविवारी तिने मला बाजूला घेतलं.

“भाऊजी, तुम्ही एकदा जाऊन तं पाहा त्याच्यासंगं. तिथं काय करून राहिला तो, मले खरं खरं सांगा.”

मी गेलो. मला वाटलं होतं अंधार असेल, चकण्याच्या बश्या आणि आरडाओरडा. तिथे उजेड इतका की पेपर वाचत बसावं. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, टेबलांवर लेकुरवाळी माणसं. लाकडी पाटावर छोटे छोटे ग्लास मांडून आले. काळी बियर मला कारल्यासारखी कडू लागली. संत्र्याची बरी होती. पण बियरमध्ये संत्रं घालायचंच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. मग गव्हाचीचा ग्लास नाकाशी नेला आणि दचकलो. मागावरच्या ताण्याच्या सुताला लावायची पिठाची खळ उरली आणि रात्रभरात आंबली की आमच्या घरात असाच वास सुटायचा. दादाच्या हातांना तो कायम असायचा, दारूचा वास यायला लागला त्याच्या कितीतरी आधी. मला भडभडून आलं. ती बियर चांगली होती, हे म्हणायला आजही जड जातं.

पुतण्या सावकाश पीत होता, ढोसत नव्हता. वहिनीला हेच सांगायचं असं मी मनात ठरवलंसुद्धा. पण पुढचा ग्लास उचलताना त्याने त्यात बोट बुडवलं आणि फरशीवर थेंब उडवले.

“हे कोणासाठी?” मी विचारलं.

“बाबांसाठी. नेहमीच देतो काका. बाबांले अशी चांगली भेटली असती तं वाचले असते ते.”

पिणाऱ्यांची ही जुनी रीत आहे, आधी गेलेल्या माणसाला थेंब द्यायचा. दादाही द्यायचा, आमच्या बाबांच्या नावाने. मला पुतण्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. ज्या दारूने बाप नेला तीच तो बापाला पाजत होता, आणि तेही किती मायेने.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. तो किती प्यायला हे तिने विचारलंच नाही.

“त्यांच्या नावानं देते?” एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढे पित्रपक्ष आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्याच्या पानावर ठेवतात. दादा गेला त्या वर्षी आमची आई होती. ती म्हणाली, त्याच्या आवडीचं ठेव, नाहीतर त्याचा जीव अडकेल. तेव्हापासून दरवर्षी वड्यांशेजारी देशीचा पव्वा असायचा. जी बाटली वहिनीने जन्मभर लपवली, मोरीत ओतली, तीच बाटली ती स्वतः पानाशी ठेवायची. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

यंदा पुतण्याने पव्व्याऐवजी ती गव्हाची बियर बाटलीत भरून आणली. वहिनीने वडे वाढले, कढी वाढली, खीर वाढली. बाटलीला हात लावला नाही. पान गच्चीवर ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो. समोरच्या तारेवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. मला राहवेना.

“वहिनी, बाटली ठेवून टाका ना. कायले जीव अडकवता त्याचा?”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावर पदर घेतला आणि पानासमोर बसली.

“या, नाही तं नका येऊ,” ती पानाकडे बघत म्हणाली. “तुम्ही होते तवा मी रोज नाही म्हणत होती. तुम्ही गेल्यावर मीच वाढून राहिली. आता नाही भेटणार.”

कावळा आलाच नाही. शेवटी ते पान तिने गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं. वर आली तेव्हा पुतण्या बाटली हातात धरून तसाच उभा होता. त्याचे डोळे भरले होते. वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

“तुले प्यायची तं पी. तू मोठा झाला आता, मी नाही अडवत. पण आपल्या नावानं पी. बापाच्या नावानं नको.”