लांब पायांची मेंढी

केडगावजवळच्या आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. प्राण्याचं शरीर तो राहतो त्या जागेला कसं साजेसं असतं, हा धडा चालू होता. मी ठरवलं, पोरांनी प्राणी कॉम्प्युटरवर काढायचा आणि त्याबद्दल चार वाक्यं बोलायची. भारनियमनातून वीज उरेल तेवढ्यात एकेकाच्या हाती माउस मिळायचा.

वर्गात धनगराची एक मुलगी होती. दोन वर्षं शाळेत येत होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. तिला बोलतं करायचंच, असा चंग मी बांधला होता. खरं सांगायचं तर त्यात माझीच हौस जास्त होती.

बाकीच्यांनी पुस्तकातला उंट काढला. हिने तीन दिवस खपून मेंढी काढली. काळी, अंगावर विरळ केस, पाय हे लांबलचक. काढताना ती काहीतरी पुटपुटायची. मला फार आशा वाटली.

केंद्रप्रमुख येणार त्याच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी चित्रं तपासायला बसले. ही मेंढी की घोडं? साहेबांसमोर पोरीचं हसं नको, म्हणून मी पाय आखूड केले, अंग पांढरं केलं, गुबगुबीत लोकर चढवली आणि त्यावरच सेव्ह केलं.

"सांग बाळ, ही मेंढी कुठे राहते?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग वर्गाने पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

"ही माझी न्हाई."

ठरलेली चार वाक्यं राहूनच गेली. मी चारचौघांत तिच्यावर डाफरले, तेही सांगितलं पाहिजे.

संध्याकाळी तिला न्यायला आजोबा आले. त्यांना मी चित्राचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"बाई, आमची मेंढरं काळीच असत्यात. लोकर कमी म्हून उन्हात तगत्यात, आन् पाय लांब म्हून पार कोकणापतूर चालत्यात. आता शेती हाय, पर धा-बारा ठिवल्यात. पोरगी हेच सांगणार व्हती. घरी चार दिस आमाला बोलून दावत व्हती."

जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, तिला मी मेंढी शिकवायला गेले होते. मला माझीच लाज वाटली.

सकाळी वीज होती तेवढ्यात मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. चूक माझी होती, म्हणाले. जुनं चित्र आता परत येणार नाही, हेही सांगितलं.

"पुन्हा काढशील?"

तिने माउस माझ्याकडे सरकवला.

"तुमीच काढा, बाई."