पेडलची ढिलाई

मिस्त्रींचा जीव दोघींत अडकलेला. एक बायको आणि दुसरी त्यांची म्हातारी मोटार. या दोघींचं मात्र साफ बिनसलं होतं. मागे एकदा बायको गाडी चालवत असताना उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं आणि गाडी शेजाऱ्यांच्या फाटकावर आदळली. तेव्हापासून तिने गाडीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. परवा मात्र म्हणाली, "ताईकडे जाताना एकदाच बसते. वाटेत हिने नखरे केले, तर विकून टाकायची. कबूल?"

"कबूल," मिस्त्री म्हणाले आणि लगेच हत्यारांची पेटी काढून बसले.

त्यांनी पेडल दाबताच ब्रेकच्या नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा बसवला, नळ्यांतली हवा काढली. राहिली पेडलपासून सिलिंडरपर्यंत जाणारी दांडी. तिला जराशी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर आतला दट्ट्या पुरता मागे येत नाही, तेल नळ्यांत अडकतं आणि ब्रेक लागलेलेच राहतात. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून मिस्त्रींचा घसा बसला होता. पण बायकोच्या मनात पुन्हा धास्ती नको, पेडल कसं टेकताक्षणी लागलं पाहिजे, म्हणून या शहाण्याने ती ढिलाई स्वतःच्या हाताने काढून टाकली!

निघताना झोकात निघाले. बायकोने दाराची मूठसुद्धा सोडली. पण चढावर गाडी जड होत गेली, जळका वास सुटला आणि शिंप्याच्या दुकानासमोर ती ठप्प उभी राहिली.

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे गाडीचा दोष नाही, तुमचा," बायको म्हणाली. "मग तुम्हालाच विकते!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मिस्त्री पाना घेऊन पेडलखाली डोकं घालून आडवे झाले. पाय दाराबाहेर. पेडल दाबून बघायला बायको शेजारच्या जागेवरून सरकून चालकाच्या जागेवर आली. मिस्त्रींनी नट सैल केला, दांडी फिरवली. अडकलेलं तेल मागे आलं, चाकं सुटली.

सुटली म्हणजे चांगलीच सुटली. ब्रेकनेच धरून ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचं दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. गाडी उतारावरून मागे निघाली.

"अहो!" बायको किंचाळली आणि तिने पाय दाबला. पेडल जरासं रिकामं गेलं. तेवढ्यात तिच्या काळजाचं पाणी झालं. मग ते घट्ट लागलं आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"लागला?" खालून बारीक आवाज आला.

"लागला." तिने हँडब्रेक ओढला, पण पाय काही पेडलवरून काढला नाही. "उठा आता. तिकडून बसा."

मिस्त्री कपडे झटकत शेजारच्या जागेवर बसले. जरा वेळाने त्यांनी भीत भीत विचारलं, "मग विकायचं काय ठरलं?"

"माझी गाडी मी कशाला विकू?" ती म्हणाली आणि तिने गियर टाकला.