न हलणारं जनुक

आमची ही घरात कधी चूक कबूल करत नाही. दूध उतू गेलं तर गॅसच मेला जास्त पेटतो, आणि चावी हरवली तर ती मी हलवलेली असते. मी चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांना ‘आता नीट दिसतंय का?’ विचारून घसा सुकतो, त्यामुळे घरी येऊन वाद घालायचं त्राण उरत नाही आणि संसार सुरळीत चालतो. लॅबमध्ये मात्र तिला सगळे ‘बाई’ म्हणतात आणि चळाचळा कापतात.

तिचं काम मला जेवताना ऐकून ऐकून जेवढं कळलं ते असं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एरवी स्वस्थ पडून असतात. जंतू आला की त्या जाग्या होतात आणि त्यांच्यातली काही जनुकं जोरात कामाला लागतात. किती जोरात, ते ही मोजते. पण एका नमुन्यात पेशी जास्त येतात, दुसऱ्यात कमी, म्हणून नुसता आकडा कामाचा नाही. तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. त्यासाठी एक असं जनुक धरायचं, की पेशी झोपलेली असो नाहीतर जागी, ते आपलं जेवढ्यास तेवढंच चालतं. त्याला संदर्भ जनुक म्हणतात. हिने ऐन उमेदीत बरीच जनुकं पारखून एक निवडलं होतं. पुढे साऱ्या इमारतीत तेच वापरायला लागले, ‘बाईंचं जनुक’ म्हणायला लागले. मी त्याला माझी सवत म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी हिच्या हाताखाली एक मुलगी होती. हुशार, पण बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. बाईंच्या लॅबचा गाजलेला निष्कर्ष असा होता, की एक ठरावीक जनुक पेशी जागी झाली तरी ढिम्म राहतं. या मुलीला ते उठताना दिसलं. तिने बाईंच्या जनुकाबरोबर संदर्भाला आणखी एक घेतलं होतं. बाईंच्या जनुकाशी ताडलं की ढिम्म, दुसऱ्याशी ताडलं की चांगलंच वर. तिने ते आणून दाखवलं. ही म्हणाली, ते दुसरं सोड, पुन्हा कर, तुझा हात स्थिर नाही.

मुलीने पुन्हा केलं, परत केलं, उत्तर बदलेना. बाईही बदलेनात. मग लॅबमधल्या बाकीच्यांनाही तिचा हात थरथरताना दिसायला लागला, कारण बाई म्हणाल्या म्हणजे झालंच. त्यांनी तिचं नाव ‘थरथरी’ पाडलं. शेवटी ती काम सोडून गेली. त्या दिवशी ही घरी म्हणाली, सुटली बिचारी, तिचा पिंडच नव्हता या कामाचा. मी मान डोलावली आणि जेवत राहिलो.

यंदा हिने नवा पेपर धाडला, तेव्हा एका परीक्षकाने विचारलं, जाग्या पेशींमध्ये तुमचं संदर्भ जनुक स्थिर असतं याला पुरावा काय? हिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे, कालची पोरं मला पुरावा मागतात. त्याचं तोंड बंद करायला हिने प्रयोग स्वतःच्या हाताने लावला. मोजून सारख्या पेशी घेतल्या, अर्ध्या झोपू दिल्या, अर्ध्या जागवल्या, आणि आपलं जनुक इतर दोन-चार जनुकांबरोबर तपासलं. इतरांतली दोन जागची हलली नाहीत. हिचं चढलं. उमेदीत निवडताना हिने ते फक्त झोपलेल्या पेशींत पारखलं होतं. जागी पेशी खाते, फुगते, तिच्यातलं बरंच काही वाढतं, आणि त्यात हेही वाढत होतं. धाकट्याची उंची रोज थोरल्याच्या खांद्याला लावून बघायची आणि पोर वाढतच नाही म्हणायचं, अशातली गत. थोरलाही वाढतोय, ते बघायचं राहून गेलं होतं.

भर दुपारी ती माझ्या दुकानात आली. अशी ती कधी येत नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. चष्म्याच्या दुकानात चहूकडे आरसे, मान वर करायची सोय नाही. ती पायाशी बघत म्हणाली, ‘त्या पोरीचं बरोबर होतं.’ मी म्हटलं, परीक्षकाला कळव आणि मोकळी हो. ‘परीक्षकाचं काय घेऊन बसलात? मला त्या पोरीची लाज वाटते.’

तिच्या संस्थेच्या साहेबांनी तिला समजावलं, की जर्नलला दुरुस्ती पाठवा, झालं, जुनं कशाला उकरायचं? पण हिने हट्टच धरला. दुरुस्तीत त्या मुलीची मापं जातील आणि पहिलं नाव तिचं लागेल. त्याला मुलीची संमती हवी होती. ती कागदावर मागवता आली असती. ही म्हणाली, मी जाणार, तुम्ही सोबत चला. एकटीने जायचा धीर होत नव्हता, एवढंच तिने बोलून दाखवलं नाही.

ती मुलगी रक्त तपासणीच्या एका केंद्रात काउंटरवर बसते. नावं विचारते, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. रक्त काढायला दुसरी बाई आहे. आमच्या हिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुलगी चिठ्ठ्या लावत ऐकत होती.

‘मला माहीत होतं, बाई,’ ती म्हणाली. ‘मी तुम्हाला दाखवलंही होतं.’

‘हो. दाखवलं होतंस. मी बघितलं नाही.’

‘नंतर नंतर मलाही पटलं, की माझाच हात खराब आहे. इथे सुद्धा मी सुई घेत नाही.’

हिने संमतीचा कागद काउंटरवर ठेवला. मुलीने संमतीवर सही केली आणि अगदी हळू विचारलं, ‘एक कराल? घरी येऊन माझ्या बाबांना हे सांगाल? त्यांना अजून वाटतं, मला जमलं नाही.’

आम्ही तिची सुट्टी होईपर्यंत बाकावर बसलो आणि तिच्याबरोबरच गेलो. वडील दारात आले, बाईंना बघून गडबडले, सदऱ्याचं वरचं बटण लावत त्यांनी त्यातल्या त्यात धड खुर्ची पुढे केली. ही बसली नाही. तिने सोप्या शब्दांत सांगितलं. मुलीने बरोबर मोजलं होतं, मोजायचं साधनच चुकीचं होतं, ते मी निवडलेलं होतं, आणि दोष मात्र मी मुलीला दिला. वडील हात जोडून ऐकत होते.

‘असं काय म्हणता, बाई,’ ते म्हणाले. ‘तुम्ही इतकं शिकवलंत तिला. हिचंच लक्ष कमी पडलं असणार. लहानपणापासून जरा धांदरटच आहे.’

‘नाही हो. ती बरोबर होती. मी चुकले.’

सबंध संसारात तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. एरवी मी त्यावरून वर्षभर चिडवलं असतं. त्या घडीला मला तोंड कुठे लपवावं कळेना.

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोचलं. ते मुलीकडे वळले. ‘बघ, मोठी माणसं कशी असतात. दुसऱ्याची चूकसुद्धा आपल्या अंगावर घेतात. आभार मान बाईंचे.’

हिने बोलायला तोंड उघडलं, पण मुलीने नकारार्थी मान हलवली. मग वडिलांकडे एकदा बघून, त्यांचं मन राखायला, ती म्हणाली, ‘थँक्यू, बाई.’